बिनमाशांची टाकी

बिबवेवाडीत झुबेरभाईंनी
मासे द्यायला साफ नकार दिला.
"आधी पाणी पिकू द्या, ताई. तीन आठवडे."
पाणी पिकतं, हे छत्तीस वर्षांत
मला कुणी सांगितलं नव्हतं.

खडकवासल्याचं पाणी बादल्यांत
रात्रभर उघडं ठेवलं, क्लोरीन उडून जायला.
गुरुवारी नळ कोरडा; टाकी अर्धीच राहिली.
वाळू तांदळासारखी सात वेळा धुतली,
तरी आत सगळं ताक.

समोरचे देवस्थळीकाका रोज डोकावतात.
"मेले वाटतं?"
"अजून आणलेच नाहीत."
"मग दिवा कशाला जाळता?"

रात्री फिल्टरची गुरगुर ऐकत बसते.
न दिसणाऱ्या जिवाणूंनी बिऱ्हाड करावं म्हणून
कुणीच नसलेल्या पाण्यात
चिमूटभर खाणं सोडते.
असं कुणासाठी
मी याआधी थांबले नव्हते.

अठराव्या दिवशी काचेवर
मोहरीएवढी गोगलगाय.
रोपाच्या मुळाशी लपून, न विचारता आलेली.
काकांना हाक मारली.
दोघं वाकून बघत राहिलो:
तोंडाने काच पुसत
ती वर निघाली होती.

"हिचे किती घेतले?" काकांनी हळूच विचारलं.