दोन्ही काळे

दुधराम प्लग रुमालात बांधून आणतो,
पडलेले दात दाखवायला आणावेत तसे.
"पाहा जो बाई, काऊन असं करून रायली.
घाटावरून निंगते बरोबर,
मंधात गेली का खोकलते."

मी गाठ सोडते.
दोन्ही काळे. ओले काळे.
चुलीवरच्या गंजाची काजळी कोरडी असते,
फुंकली तर उडते.
हिला वास आहे, चिकट आहे,
नखात शिरली की राखेलाही दाद देत नाही.

बाप लुना दुरुस्त करायचा तेव्हाच सांगून गेला:
एकच प्लग काळा असेल तर दोष त्या घरात शोध,
अदलाबदल कर,
रोग प्लगसोबत हिंडतो की जागेवर बसतो ते बघ.
दोन्ही सारखेच काळे असले
तर घरांना सोड,
वरून काय येतं ते विचार.

ही बोट इथली नव्हेच.
कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टची,
सोसायटीनं लिलावात घेतली,
अंगावर अजून अर्धा खरवडलेला डॉल्फिन.
पोटाखालून पाणी ओढते, मागे फेकते,
जाळीत पाणगवत अडकलं की रुसते.
धावायला जन्मलेली,
दुधराम तिला हाकतो गाभण गाईसारखी.
तेही एक कारण, पण एवढी काजळी
नुसत्या हळू चालीनं धरत नाही.

"आयल किती टाकता?"
"तुमी सांगतलं तेवढंच जी.
वीस लिटरले चारशे."
पुतण्या काठावर जाळं विणतोय.
मान वर न करता म्हणतो,
"अन् वरून सात टोपनं."

दुधराम पाण्याकडे बघतो.

सात.
पलीकडच्या टोलीवरून शाळेत येणारी
सातच पोरं.
मागच्या पौषात बोटीत तीच होती
जेव्हा तेल कमी पडून पिस्टन जाम झाला,
आणि वारा त्यांना धरणाच्या पोटात
दिवस मावळेस्तोवर फिरवत राहिला.
एकेका लेकराचं नाव घेत
तो टाकीत एकेक टोपण ओततो, असं पुतण्या सांगतो.
शेवटचं अर्धं, कारण चिंगी लहान आहे.

मी काही बोलत नाही.
तारेचा ब्रश, पेट्रोलची वाटी,
पोर्सेलिनच्या मुळाशी टोकदार काडी.
फट जुन्या पत्तीनं मोजते.
टाकी उपसते, नवं मिश्रण दोघांसमोर मोजून भरते,
चारशेवर एक थेंब नाही.
दुधरामचा हात टोपणाकडे जातो,
परत येतो.

आता खरी परीक्षा,
ती काठावर होत नाही.
पूर्ण जोरात न्यायची,
आणि भर वेगात बटण दाबून
मध्येच बंद करायची.
हळू करून बंद केली तर प्लग खोटं बोलतो.

"मंधात?"
"मंधातच."

तो मफलर घट्ट बांधतो. थंडी नाही.
बोट पहिल्यांदाच तिच्या जातीसारखी धावते,
मागे पाण्याची शेपटी,
बगळे वैतागून उठतात.
थुंकी कोरडी पडेल एवढ्या वेळानंतर
मी हात वर करते.
तो डोळे मिटतो
आणि बटण दाबतो.

शांतता. लाटा फळीला चापट मारतात.
दूर बंधाऱ्यावरची मोटरसायकलसुद्धा ऐकू येते.
तो काठ मोजतोय, हा काठ, तो काठ,
ओठ हलताहेत.
मी पाना फिरवते, चिंधीत धरून प्लग काढते.

बिस्किटाचा रंग.
चहात बुडवायच्या आधीच्या बिस्किटाचा.

त्याच्या तळव्यावर ठेवते, चिंधीसकट.
तो बराच वेळ बघतो,
दोन्ही बाजूंनी, उन्हात धरून,
मग विचारतो,
"अन् थो दुसरा?"

दुसराही काढते.
दोन्ही बसवते, टोप्या दाबते.
बटणावर अंगठा त्याचाच.

पहिल्यांदा नाही.
तो माझ्याकडे बघतो, मी जाळीकडे.

दुसऱ्यांदा.