चौकोनी कंस

सरांचे डोळे गेल्यापासून त्यांचं पुस्तक मी टाइप करते.
ऐरोली, दुसरा मजला, दहा ते एक.
दारावर पाटी: हेमचंद्र टिपणीस, माजी राजदूत.
'माजी' त्यांनी स्वतः मागाहून कोरून घेतलेलं,
म्हणून जरा तिरकं.
चाळीस वर्षं टिपणंच लिहिली, आडनाव वाया नाही गेलं,
म्हणतात आणि हसतात,
मग हसू आवरून: हे नको घेऊस.

मी घेत नाही.

बुडापेस्ट, खार्टूम, हनोई, मध्ये मध्ये दिल्ली.
प्रत्येक शहर त्यांना आधी
ताटकळत बसलेल्या खुर्चीवरून आठवतं.
हनोईत वेताची, दोन तास.
खार्टूमला मंत्र्याच्या दारात लोखंडी, उन्हानं तापलेली,
रुमाल अंथरून बसलो, दर्पणा,
आणि त्या रुमालावर सहा महिन्यांनी
गव्हाचं जहाज हललं.

राजदूत म्हणजे नक्की काय, सर?
पाचव्या कपाला नाही न म्हणणारा माणूस.
लिही. नको, लिहू नकोस.

एक मात्र त्यांनी नीट शिकवलं:
तहाच्या मसुद्यात ज्यावर एकमत नाही
तो शब्द चौकोनी कंसात ठेवतात.
खोडायचा नाही, मानायचाही नाही.
एका 'आणि'भोवती माणसं रात्रभर बसतात,
पहाटे कंस निघतो,
किंवा निघत नाही, आणि सगळे विमानतळावर जातात.
घरी सांगितलं तर बा म्हणाला,
कंस? त्यो त किस्नाचा मामा.

सातवं प्रकरण सागरी सीमांचं.
पायारेषा, समान अंतराची रेषा, भरतीची खूण...
माझी बोटं थांबली.
सर, खाडीत आमची अशी रेषा नसते.
मग पाणी कुणाचं, कसं कळतं?
खुंटावरून. आज्यानं रोवलेला डोलीचा खुंट
कुजून गेला तरी जागा कुणाची
ते अख्ख्या दिवा कोळीवाड्याला ठाऊक.
आणि वाद झाला तर?
तर ओहोटीची वाट बघतात.

सर बराच वेळ खिडकीकडे तोंड करून होते,
जिथून तिवरं दिसतात, असं त्यांना आठवतं.
मग म्हणाले, वडिलांना विचार, वेळ देतील का?

वेळ देतील का.
बाला असं कुणी कधी विचारलेलं नव्हतं.
इस्त्रीचा सदरा घालून आला, पिशवीत निवट्या.
खुर्चीच्या टोकावर बसला.
सरांनी पोशा नाखवा, पोशा नाखवा करत तासभर विचारलं,
वारा, उधाण, भांगाचे दिवस,
मंत्र्याला विचारावं तसं, घाई न करता.
पुलाचे खांब उतरले तेव्हा धार फिरली,
तीन खुंट गेले, बा म्हणाला.
बोलणी कुणी केली?
बोलनी कसली. कागुद आलता. इंग्रजीन.
सही?
आंगठा.
साल कुठलं?

बानं माझ्या जन्मावरून हिशेब करून सांगितलं.
त्या साली मी जिनिव्हात होतो, सर म्हणाले.
छोट्या देशांचा पाण्यावरचा हक्क.
भाषण बरं झालं होतं.

बाला जिनिव्हा कळलं नाही. त्यानं विचारलं,
निवट्या साफ करून देऊ का?
नको, सर म्हणाले, आणि सिंकपाशी उभं राहून
एकेक निवटी बोटांनी चाचपत
स्वतः साफ केली, राख मागून घेतली,
दोन हातातून निसटल्या, बा आणि मी
ओट्याखाली वाकून शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी दहाला:
घे. पान दोनशे बारा. चौकोनी कंस सुरू.
दिवा कोळीवाडा, तीन खुंट.
पुढं खाडीबद्दल, खांबांबद्दल, अंगठ्याबद्दल अकरा ओळी.
नवा परिच्छेद.

सर, कंस पूर्ण?
नको अजून.

काल प्रकाशकांकडून फोन आला,
दोनशे बारावर एक कंस उघडाच राहिलाय, बाई,
मुद्रणदोष दिसतो, आम्ही मिटवतो.

मी म्हटलं, थांबा,
विचारून सांगते.
सर झोपले होते.
बाहेर ओहोटी लागली होती.