झडती

चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी कोऱ्या नोटांचे ताव तपासले.
कुठे शाई पसरली, कुठे आकडा सरकला,
बाद. बाद. चालेल. बाद.
रिटायर झालो आणि एकसष्टाव्या वर्षी
कॉलेज रोडला, बी.ए.च्या पहिल्या वर्गात जाऊन बसलो.
विषय तत्त्वज्ञान. विद्यार्थी चार, पंखा धरून पाच.

गांगुर्डे बाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
माझ्याकडून दहाची नोट मागून घेतली,
खिडकीच्या उजेडात धरली.
"खरी कशावरून?"
मला विचारतात! मी घडाघडा सांगितलं:
तार, जलचिन्ह, कागदाचा खडखडाट.
"ही झाली ओळख. खरेपण कुठाय?
कागदात? शाईत? का समोरचा घेतो म्हणून?"
चौतीस वर्षांचा अनुभव
दातांपाशी येऊन थांबला.

मग त्या डोंगरावर गेल्या, म्हणजे बोलता बोलता.
डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे आग आहे:
नैयायिकांनी घासून गुळगुळीत केलेलं उदाहरण.
युवराज बोरस्ते निफाडचा, घरची द्राक्षं.
म्हणाला, "मॅडम, पौषात पहाटे बागेवर
पांढरं दिसतं ते कधी शेकोट्यांचा धूर असतं,
कधी नुसतं धुकं.
आत शिरून डोळे चुरचुरले तरच कळतं."
बाई इतक्या हसल्या की हातातला खडू पडला.
"अरे, याच धुक्यावरून पिढ्यान्पिढ्या वाद झालेत!
आणि डोळे चुरचुरल्याशिवाय काही मानू नका
म्हणणारे लोकायतही होते.
त्यांच्या पोथ्या राहिल्या नाहीत. विरोधकांनी
खोडून काढायला जेवढं उतरवून घेतलं, तेवढंच उरलं."

जैनांकडे एक शब्द आहे, स्यात्.
अमुक अंगानं पाहिलं तर असं, तमुक अंगानं तसं.
मी वहीत लिहून घेतला. तावावर लिहिला असता
तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

शमीम अत्तारनं पांडवलेण्यांचा विषय काढला.
पांडव तर तिथे नव्हतेच, भिक्खू होते ना?
होते. बाई म्हणाल्या, ते विचारायचे:
खांब वजा करा, ओटा वजा करा, कोठडी वजा करा,
मग लेणं नावाचं काय राहतं?
शमीम जरा वेळानं म्हणाली,
"पण लेणं म्हणजे आधीच वजाबाकी ना, मॅडम?
डोंगरातून काढून टाकलेला दगड."
यावर कुणीच बोललं नाही. पंखा तेवढा कुरकुरला.

त्यातलं एक लेणं कुणा यवनानं कोरवून घेतलंय,
भिंतीवर तसं लिहिलंय.
येताना तो आपल्याकडचे प्रश्नही घेऊन आला असेल का,
बाजारात माणसाला अडवून विचारायचे तसले:
न्याय म्हणजे काय, धैर्य म्हणजे काय?
इथल्या प्रश्नांशी त्यांची गाठ पडली असेल का
चढताना, दम खाताना?
"पुरावा नाही," बाई म्हणाल्या. "पायऱ्या आहेत."

तास संपत आला तेव्हा
क्षितिजा, जी कधीच बोलत नाही, माझ्याकडे वळली.
"काका, एवढ्या नोटा. एखादी घ्यावीशी नाही वाटली?"
मी म्हटलं, बाहेर पडताना रोज झडती व्हायची.
"झडती नसती तर?"
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.
"याला नीतिशास्त्र म्हणतात," त्या म्हणाल्या,
"ते दुसऱ्या सत्रात आहे," आणि हजेरीपट मिटला.

पाच वाजता फाटकाशी पोचलो,
आणि सवयीनं थांबलो.
पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात वर केले.
वॉचमन स्टुलावरून उठला, गोंधळून म्हणाला,
"काय झालं काका? काही हरवलं का?"

हात वरच होते.
खिशात दहाची नोट, बसचा पास,
आणि काहीतरी, जे मी सकाळी आणलं नव्हतं.