तिसरं मढं

गेल्सनकिर्शन, सत्त्याऐंशी. खाण बंद, न्हाणीघर ओसाड,
छताच्या साखळ्यांना अजून कुणाकुणाचे डगले लोंबतायत.
त्यांच्याखाली उल्फ ड्रम बडवतो,
आत कोंडलेला कुणी दार ठोकावं तसा.

नऊ गाणी, सगळी मढ्यांची.
मढी उठतात, मढी चावतात,
सहाव्यात महापौराला खातात.
प्योंटेक ओरडतो तेव्हा शब्द कळत नाहीत,
घसा तेवढा कळतो.

कव्हर माझ्याकडे. "रेनाटे, रक्त ओत," म्हणाले.
ओतलं. जबडे उसवले, बुबुळं गालांवर आणली,
खाणीच्या पिंजऱ्यातून अख्खी रातपाळी वर येतेय
अशी रांग काढली.

बाबा ऑक्सिजनची नळी सावरत
ओल्या रंगावर वाकले.
वाटलं, आता शिव्या.
बराच वेळ नुसते पाहत राहिले.
मग बोट टेकवलं तिसऱ्या मढ्याच्या पायाशी:
"बुटाचे बंद सुटलेत याचे.
असं कुणी खाली उतरत नाही."

मी बंद बांधले.
बाबांच्या नखातल्या काळ्याला माझा लाल लागला होता,
तो त्यांनी पुसला नाही.

रात्री टेप लावली, आवाज अगदी बारीक.
भिंतीपलीकडून खोकला,
पुन्हा खोकला,
आणि मग,
"वाढव की जरा."