मधला तिसरा भाग

हर्नोसान्दच्या बंदर-कचेरीत
हेडविगनं एकतीस वर्षं किनारा काढला.
काळी शाई, पितळी टाक, खडकाखडकाची कड.
वरिष्ठांना हवा असायचा एकच आकडा,
लांबी, किलोमीटरमध्ये.
ती लिहायची,
आणि दरवेळी वाटायचं
आपण खोटी साक्ष दिली.

आता निवृत्त. जानेवारी. तीनलाच अंधार.
भिंतकागदाची उरलेली गुंडाळी टेबलावर उलटी पसरलेली,
चार कोपऱ्यांवर चार कप.
समोर शेजारचा रोजहात, वय वर्षं नऊ.
त्याच्या आईची रात्रपाळी.

नियम एकच, ती म्हणते.
रेघ घे. तिचे तीन सारखे भाग कर.
मधला खोड.
त्या जागी तेवढ्याच दोन रेघा,
बाहेरच्या बाजूला, तंबूसारख्या.
मग सगळ्या रेघांना हेच.
‘आणि मग?’
मग हेच.

सत्तावीस सेंटिमीटरची एक बाजू, घेर एक्क्याऐंशी.
मग एकशे आठ. मग एकशे चव्वेचाळीस.
कागद तेवढाच,
घेर मात्र पोराच्या हिवाळी बुटांसारखा
दर खेपेला एक माप पुढे.
तिसऱ्या फेरीला त्रिकोण कुणाला आठवतही नाही,
नुसतं हिम
काचेवर बाहेरून साचलेलं
आणि आत कागदावर.

चौथी फेरी. रेघ आता
तांदळाच्या कणीएवढी,
पेन्सिलीचं टोक तिच्यावर जड पडतं.
चष्मा कपाळावर चढतो, उतरतो.
खोडरबर पेन्सिलीच्या आधी संपत आलं.
‘पाचवी?’
पाचवी या हाताची नाही रे.

रोजहात रेघा मोजतो
घरच्या भाषेत, ओठ हलवत, बोट टेकवत,
एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून.
सातशे अडुसष्ट हव्यात.
भरतात सातशे पासष्ट.

मग सापडते.
डाव्या खालच्या अंगाला, दोन टोकांच्या मध्ये
एक सेंटिमीटर सरळ,
काही म्हणजे काहीच न झालेली.

हेडविग कितीतरी वेळ बघते तिच्याकडे.
राहू दे, म्हणते,
होडी लागायला कुठंतरी जागा हवी.
‘पण नियम?’
ती उठते, दूध तापत ठेवते.

वळते तर मधला भाग नाही.
तिथं एक तंबू, किंचित कलता,
बाकीच्या तिन्ही रेघांवर अजून पेन्सिल फिरते आहे,
आणि खोडरबराचा शेवटचा चुरा
त्याच्या बाहीला.