शेऱ्याचा रकाना

कुओपिओ, उणे एकवीस.
शहराला ऊब पुरवणाऱ्या केंद्रात
देखभालीच्या दोन सॉफ्टवेअरांची परीक्षा.
पहिलं स्वस्त. दुसऱ्यात नकाशे, रंगीत दिवे,
बेअरिंग मरण्याआधीच सुतकाची तारीख.

इर्मेली दोन्हींत जुनी वही भरून बघते.
पंप सात, रायमोचं तिरकं अक्षर:
"थंडीत कण्हतो. लगेच खोलू नका.
कॉफी पिऊन या, मग ऐका."

दुसरं म्हणतं, बिघाडाचा कोड निवडा.
कण्हण्याला कोड नाही.
पहिल्यात शेऱ्याला चाळीसच अक्षरं,
कॉफीपाशी वाक्य तुटतं.

जबाबदार व्यक्ती: रायमो.
इथे मात्र दोघांचं एकमत, लाल अक्षरांत:
असा कर्मचारी नाही.

अहवालात ती एवढंच लिहिते,
पहिलं घ्या. रकाना वाढवून मागा.

खाली पंप सात कण्हायला लागतो.
इर्मेली कप शोधते.