कुळे ते फोंडा, चाळीसच्या आत

काश्तान मेस्तनं माझ्या हातातला दोर बघितला
आणि विडी विझवली.
"दोरानं गुरां बांदतात, बाय. जिप्सी न्हय."

गॅरेजच्या मागून त्यानं दांडा ओढत आणला,
दोन पाय फाकलेला, पोलादी.
पाय जिप्सीच्या बंपरखाली,
तोंड माझ्या पिकअपच्या हुकावर.
नारळ, सुपारीची पोती, एकदा कुणाच्या लग्नाचं कपाट,
एवढंच आजवर वाहिलेली माझी गाडी.
तिला मान असती तर तिनं वळून बघितलं असतं.

साखळ्या दोन, दांड्याखालून फुलीसारख्या.
"दांडा सुटलाच तर ह्या झोळीत पडेल,
रस्त्यात रुतायचा नाही."
वळणाला पुरेल इतक्या सैल,
डांबर चाटणार नाहीत इतक्याच.
मागचा शाफ्ट खोलून पोत्यात घातला,
पुढच्या चाकांचे हब मोकळे,
किल्ली एक घर फिरवून स्टिअरिंग सुटं.
जिप्सीच्या पाठीला सुतळीनं लाल दिवे.
मी ब्रेक दाबायची, तो मागून ओरडायचा:
"पेटता!"

पुतू वेळीप तोवर जिप्सीत जाऊन बसलेला.
एकोणीस मोसम दूधसागरच्या वाटेवर.
नदीचं पाणी पावलांपर्यंत यायचं,
मागे सहा पाहुणे किंचाळायचे,
हा तंबाखू मळायचा.
आणि गिअरबॉक्स गेला तो कधी,
तर मोसमाला आठ दिवस असताना.

"देंव सकयल," मेस्त म्हणाला.
"ओढून नेतात त्या गाडीत माणूस बसत नाही."
"मग स्टिअरिंग कोण धरणार?"
"दांडो."
पुतू उतरला,
पंगतीतून उठवल्यासारखा.

किलोमीटरभर गेल्यावर थांबायचं, बजावलं होतं.
काजूच्या सावलीत थांबले.
पिन होती. पिनेची क्लिप नव्हती.
पुतूनं खिसा उलटा केला:
चुन्याची डबी, कुणाच्या तरी कानातलं,
घडी घालून घालून फाटलेली पावती,
आणि एक क्लिप, गंजकी, नेमक्या मापाची.
कुठली, ते मी विचारलं नाही.

चढावर ओझं मागे धरतं,
ते सोसता येतं.
धारबांदोड्याच्या उतारावर मात्र त्याला घाई सुटली.
मी दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे तीन घरांएवढं अंतर,
आणि हात दाखवणाऱ्या एका म्हातारीसाठी
कदंब बस मध्येच उभी.
ब्रेक हळू दाबला, वळण यायच्या आधी, सरळ रेषेत.
तरी टनभर लोखंडानं
पाठीला डोकं लावलं, म्हशीसारखं.
पिकअपचं बूड वीतभर सरकलं.
स्टिअरिंगशी भांडले नाही.
ते आपलं आपण जागेवर आलं.
म्हातारी चढली. बस गेली.
माझ्या ब्लाऊजची पाठ भिजलेली.

पुतूला यातलं काहीच कळलं नाही.
कुळ्यापासून तो मान वळवून
मागच्या काचेतून बघत होता.

उसगावच्या पुढे बोलला:
"एकोणीस वर्षं हिच्या आत बसलो.
चालताना ही समोरून कशी दिसते, कोण जाणे,
आज बघतोय."
थोड्या वेळानं,
"डावा दिवा जरा तिरळा आहे गो."
मग फोंड्यापर्यंत गप्प.
आरशात मला
लाल धुळीतून मागे मागे येणारं
ते तिरळं तोंड दिसत राहिलं,
ना पुढे जाणारं, ना सोडणारं.

गॅरेजमध्ये पिन उपसली.
पिकअपची पाठ टुणकन वर आली.
पुतू म्हणाला, मी इथंच थांबतो,
खोलतात कशी ते बघतो.
क्लिप मात्र परत खिशात घातली त्यानं.

मी रिकामी निघाले.
सवकास कशाला जायचं आता?
पण तिस्कापर्यंत काटा चाळीसच्या वर गेला नाही
आणि प्रत्येक वळण मी रुंद घेतलं,
मागे कुणी असल्यासारखं.